सतरा दिवसांचे वेळापत्रक : मुलांच्या डोक्यातील उवा आणि घरचा बंदोबस्त

मुलाच्या डोक्यात ऊ सापडली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो तो ती कोणाकडून आली हा, आणि त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली एकदा डोक्यावर रिकामी केली की प्रकरण मिटले असे धरले जाते. दोन-तीन आठवड्यांनी मूल पुन्हा डोके खाजवू लागले की दोष शेजारच्या मुलावर, शाळेवर किंवा त्या बाटलीवर जातो. पुष्कळदा अशा घरात उवा परत आलेल्या नसतात, त्या गेलेल्याच नसतात. पहिल्या उपचारातून वाचलेली अंडी आपापल्या वेळी फुटतात, पिल्ले मोठी होतात आणि पुन्हा अंडी घालू लागतात. त्यामुळे घरातील उवांचा बंदोबस्त करताना औषधाच्या निवडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कोणत्या दिवशी काय करायचे याला आहे, आणि हे वेळापत्रक उवेच्या जीवनक्रमावरून ठरते.

ताथवड्यात हा प्रश्न अनेक घरांना एकाच वेळी भेडसावण्याचे कारण वस्तीच्या रचनेत आहे. २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावात आज जुने गावठाण, उंच इमारतींच्या सोसायट्या, महाविद्यालये, भाड्याच्या खोल्या आणि बांधकाम मजुरांच्या वसाहती एकमेकींना लागून आहेत, आणि वाकड, पुनावळे व हिंजवडी हाकेच्या अंतरावर आहेत. आई-वडील दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांतील मुले पाळणाघर, स्कूल व्हॅन, नृत्याचा वर्ग आणि सोसायटीचे मैदान अशा चार-पाच ठिकाणी वेगवेगळ्या मुलांच्या सहवासात दिवस काढतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हा सहवास एकदम वाढतो आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी मामेभावंडांबरोबर एका अंथरुणावर झोपणे त्यात भर घालते. डोक्याला डोके टेकले की उवेला एवढे पुरेसे असते, मग ते डोके बंगल्यातील असो वा पत्र्याच्या खोलीतील.

डोक्यातील ऊ हा पंख नसलेला, तिळाएवढा, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा कीटक असून शास्त्रीय वर्गीकरणात त्याचे नाव पेडिक्युलस ह्यूमॅनस कॅपिटिस असे आहे. तो माणसाच्या डोक्यावरच जगतो. कुत्र्या-मांजरांकडून तो येत नाही. पायांच्या टोकांना असलेल्या आकड्यांनी केस पकडून तो झपाट्याने चालतो, परंतु त्याला उडी मारता येत नाही आणि उडताही येत नाही. दिवसातून अनेक वेळा तो टाळूतील रक्त शोषतो आणि डोक्यापासून दूर पडल्यास एक-दोन दिवसांत मरतो. प्रौढ मादी सुमारे महिनाभर जगते आणि दिवसाला आठपर्यंत अंडी घालते. प्रत्येक अंडे टाळूपासून साधारण सहा मिलिमीटरच्या आत, केसाच्या मुळाजवळ, न विरघळणाऱ्या चिकट स्रावाने पक्के बसवलेले असते. हे अंडे सात ते नऊ दिवसांत फुटते, त्यातून निघालेले पिल्लू तीनदा कात टाकून आणखी नऊ ते बारा दिवसांत प्रौढ होते, आणि त्यानंतरच त्याच्याकडून नवी अंडी घातली जातात. अंडी सगळी फुटलेली आहेत पण पिल्ले अजून मोठी झालेली नाहीत असा जो मधला काळ असतो, तो गाठणे हेच उपचाराचे मर्म आहे.

खाजेविषयीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खाज सुटते ती उवेच्या चाव्यामुळे होणाऱ्या वेदनेने नव्हे, तर तिच्या लाळेला शरीर देत असलेल्या ॲलर्जीच्या प्रतिसादाने, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलात हा प्रतिसाद सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे मूल खाजवू लागते तेव्हा उवा महिन्याभरापासून डोक्यात असण्याची शक्यता असते, आणि परवा खेळायला आलेल्या मुलीवर किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंच्या लेकरावर ठपका ठेवण्याला काही आधार उरत नाही. अशा ठपक्याची सवय या परिसरात आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ती अन्यायाची तर आहेच, शिवाय उपचाराच्या आड येणारीही आहे, कारण दोष लागेल या भीतीने माणसे गप्प बसतात आणि उवा डोक्या-डोक्यांतून फिरत राहतात.

अस्वच्छतेमुळे उवा होतात ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात बाह्य मलापासून होणाऱ्या कृमींमध्ये यूका म्हणजे ऊ सांगितली असून स्वच्छतेकडे दुर्लक्ष हे तिचे कारण दिले आहे. आजच्या ज्ञानानुसार रोज धुतलेले केस आणि आठवडाभर न धुतलेले केस यांत ऊ भेद करत नाही. पाण्यात बुडाली तरी ती श्वसनाची छिद्रे मिटून कित्येक तास तग धरते, म्हणून रोजच्या न्हाण्याने ती मरत नाही. मात्र चरकाने त्याच ठिकाणी जी चिकित्सा प्रथम सांगितली आहे ती अपकर्षणाची, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढण्याची, आणि ती आजही पूर्णपणे ग्राह्य आहे. २०१६ मध्ये इस्राएलमधील लाखीश येथील उत्खननात सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीला एका बाजूस गुंता सोडवण्यासाठी जाड आणि दुसऱ्या बाजूस उवा काढण्यासाठी बारीक दाते आहेत. तिच्यावर कोरलेला छोटा मजकूर २०२२ मध्ये वाचला गेला तेव्हा तो केसांतील आणि दाढीतील उवा दूर व्हाव्यात अशा आशयाचा निघाला. महाराष्ट्रातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली दुहेरी लाकडी फणी त्याच रचनेची आहे.

उपचारापूर्वी निदान पक्के हवे. कोरड्या केसांत नुसते डोळ्यांनी पाहिले तर उजेडापासून पळणाऱ्या उवा सहज सुटतात, आणि उलट कोंडा किंवा केसांच्या मुळाभोवतीचे पांढरे कण लिखा समजून मुलाच्या डोक्यावर विनाकारण औषध लावले जाते. कोंडा झटकला की पडतो किंवा नखाने केसावरून सरकतो. लीख केसाच्या एका बाजूला चिकटलेली असते आणि दोन नखांत धरून ओढल्याशिवाय हलत नाही. लीख दिसली म्हणजे उवा जिवंत आहेत असेही होत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने टाळूपासून त्याहून दूर गेलेली लीख बहुधा फुटून गेलेल्या अंड्याचे रिकामे कवच असते. उपचार सुरू करण्यास जिवंत, हलणारी ऊ सापडली पाहिजे, आणि ती शोधण्याची खात्रीची रीत ओल्या केसांतून फणी फिरवणे हीच आहे. एका मुलात ऊ सापडली की घरातील सर्वांची, वडिलांची आणि आजी-आजोबांचीही, डोकी त्याच दिवशी पाहावीत; उपचार मात्र ज्यांच्या डोक्यात ऊ सापडेल त्यांच्यावर, आणि फार तर त्या मुलाच्या अंथरुणात झोपणाऱ्यावर, करावा.

ओल्या केसांतून फणी फिरवण्याची पद्धत शोधासाठी आणि उपचारासाठी एकच आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी, लांब स्टीलच्या दातांची आणि दातांमध्ये अगदी कमी अंतर असलेली फणी त्यासाठी घ्यावी. प्लॅस्टिकच्या फणीचे दाते वाकतात आणि पिल्ले सुटतात. मुलाचे केस नेहमीच्या शाम्पूने धुऊन त्यांवर भरपूर कंडिशनर चोपडावा, जाड कंगव्याने गुंता पूर्ण काढावा आणि मग केसांचे बोटभर रुंदीचे भाग करून प्रत्येक भागातून फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत ओढावी. दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर किंवा टिश्यू कागदावर पुसून काय निघाले ते पाहावे. कानांच्या मागचा भाग आणि मानेच्या वरचे केस यांना अधिक वेळ द्यावा, कारण उवांची वस्ती तेथे दाट असते. संपूर्ण डोके एकदा झाले की केस धुऊन, ओले असतानाच, पुन्हा एकदा तसेच विंचरावे. लांब केसांच्या मुलीला यात अर्धा तास किंवा अधिक जातो. हा वेळ घाईने कापला तर सगळे श्रम वाया जातात, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी, मूल पोटभर जेवलेले असताना आणि हातात गोष्टीचे पुस्तक देऊन काढणे बरे.

ताथवड्यात या पद्धतीला पाण्याची अडचण येते. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला आणि या पट्ट्यातील अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. विंधन विहिरीच्या जड पाण्यात, म्हणजे ज्यात क्षारांचे प्रमाण अधिक असते अशा पाण्यात, शाम्पूला फेस कमी येतो आणि केस गुंततात. तरीही ही रीत पाण्याची उधळपट्टी मागत नाही. फणी नळाखाली न धरता कापडावर पुसली, केस धुण्यासाठी बादली-तांब्याचा वापर केला आणि पाणी येण्याच्या दिवसाशी विंचरण्याचा दिवस जुळवून घेतला, तर थोडक्या पाण्यात काम भागते. कंडिशनर नसेल तेथे खोबरेल तेलही फणी सरकण्यास मदत करते. तेलाने उवा मंदावतात, पण केवळ तेल लावून त्या खात्रीने मरतात असे मानू नये.

विंचरण्याचे दिवस ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जसे सुचवले आहेत तसे घेणे सोयीचे आहे : पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, आणि सतराव्या दिवशी अखेरची तपासणी. आरंभ रविवारी केला तर पुढचे दिवस गुरुवार, सोमवार आणि शुक्रवार येतात आणि तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी होते. हे दिवस स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवावेत, कारण पाचव्या दिवशी फणीत काही आले नाही म्हणून नववा दिवस टाळणे, ही सर्वाधिक घरांत होणारी आणि सर्वाधिक महाग पडणारी चूक आहे.

ज्यांना एवढ्या चिकाटीने विंचरणे शक्य नाही त्यांच्यासाठी औषध आहे, पण त्यालाही हेच वेळापत्रक लागू होते. १ टक्का पर्मेथ्रिन असलेले लोशन हे सामान्यतः प्रथम वापरले जाणारे औषध असून ते कीटकाच्या चेतातंतूंवर परिणाम करून त्याला लुळे पाडते. ते लावण्यापूर्वी केस साध्या शाम्पूने धुवावेत आणि टॉवेलने टिपून घ्यावेत. आदल्या रात्री तेल लावून ठेवण्याची आपल्याकडील सवय आणि कंडिशनर, दोन्ही येथे वर्ज्य आहेत, कारण त्यांचा थर औषधाला केसापर्यंत पोहोचू देत नाही. मुलाच्या डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरून औषध टाळूपासून टोकापर्यंत लावावे, दहा मिनिटांनी धुवावे आणि ते अंगावरून ओघळू नये म्हणून अंघोळीऐवजी बेसिनवर डोके वाकवून धुवावे. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू लावू नये. आठ ते बारा तासांनी फणी फिरवून पाहावी : उवा मेलेल्या किंवा मंदावलेल्या असतील तर औषध काम करत आहे, त्या पूर्वीसारख्याच पळत असतील तर त्या औषधाला दाद देत नाहीत असे समजून डॉक्टरांना विचारावे, तेच औषध पुन्हा लगेच ओतू नये. पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा आता जगाच्या अनेक भागांत आढळतात. औषधातून अंडी वाचत असल्यामुळे दुसरा हप्ता नवव्या दिवसाच्या सुमारास आवश्यक आहे, आणि तो पहिल्यात सगळे मेले असे वाटले तरी द्यायचाच असतो.

दुकानात बाटली घेताना जाहिरातीतील नावापेक्षा घटकद्रव्याचे नाव आणि टक्केवारी वाचावी. खरजेसाठी मिळणारे ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम हे निराळे उत्पादन आहे. लेबलवर गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड, म्हणजेच लिंडेन, असे नाव असेल तर ते मुलांना लावू नये; या द्रव्याचा मज्जासंस्थेवर विषारी परिणाम होऊन झटके येऊ शकतात, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार जगभर निर्मूलन करावयाच्या घातक रसायनांत त्याची गणना झाली आहे. आयव्हरमेक्टिन हे दुसरे परिणामकारक औषध लोशनच्या आणि गोळीच्या रूपात मिळते, पण गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देऊ नये. दोन महिन्यांखालील बाळाला पर्मेथ्रिन लावू नये. त्याच्यासाठी फणी आणि हात एवढेच साधन आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

घरगुती उपायांत काही निव्वळ निरुपयोगी आहेत आणि काही जिवावर बेतणारे आहेत. दुसऱ्या प्रकाराबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. डोक्याला रॉकेल लावण्याने त्वचा भाजते, ते मुलाच्या तोंडात गेल्यास फुफ्फुसांना इजा होते, आणि स्वयंपाकघरातील गॅस किंवा देवघरातील निरांजन जवळ असेल तर केस पेट घेतात. ढेकूण-झुरळांचे फवारे आणि पिकांवरची कीटकनाशके यांना माणसाच्या डोक्यावर काहीही स्थान नाही. पुरंदर तालुक्यातील सीताफळे पुणे परिसरात घरोघरी येतात आणि त्यांच्या बिया वाटून डोक्याला लावण्याचा उपाय अजून सांगितला जातो. त्या बियांत उवा मारणारी द्रव्ये आहेत हे खरे, परंतु तोच लेप ओघळून डोळ्यांत गेल्यावर बुबुळाच्या पारदर्शक पटलाला जखमा झाल्याच्या नोंदी भारतातील नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत, आणि झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर रात्रभर ठेवलेला लेप उशीवरून डोळ्यांत जाण्यास वेळ लागत नाही. खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावणे निरुपद्रवी मानले जाते, पण कापूर पोटात गेला किंवा त्वचेतून अधिक प्रमाणात शोषला गेला तर लहान मुलांना आकडी येऊ शकते. मुलीचे मुंडण केल्याने उवा जातात, तथापि जे काम फणीने होते त्यासाठी तिला वर्गात महिनोन्‌महिने टकमक नजरा सोसायला लावणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

घराच्या साफसफाईवर फार शक्ती खर्च करू नये. ऊ डोक्याबाहेर एक-दोन दिवसच जगते, म्हणून आधीच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादरी, टोप्या, ओढण्या आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे पुरेसे आहे. धुता न येणारी बाहुली किंवा हेल्मेटचे अस्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवावे. कंगवे, फण्या आणि रबरबँड कढत पाण्यात दहा मिनिटे बुडवावेत. घरात पेस्ट कंट्रोल करण्याची मुळीच गरज नाही.

डॉक्टरांकडे जाण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : टाळूवर पू किंवा ओल्या खपल्या, ताप, मानेच्या मागे दुखणाऱ्या गाठी, पापण्यांच्या केसांत लिखा, किंवा दोन हप्त्यांनंतरही जिवंत उवा. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग झाला की मानेच्या गाठी सुजतात आणि पालक भलत्याच आजाराच्या भीतीने हबकतात. संसर्गावर उपचार झाल्यावर त्या बहुधा ओसरतात. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि महापालिकेचे थेरगावचे रुग्णालय ताथवडेकरांना जवळची सार्वजनिक ठिकाणे आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. त्याच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब आहेत, उवा नाहीत, त्यामुळे डोके पाहण्याचे काम पालकांनाच करावे लागते. डोक्यातील उवांमुळे कोणताही रोग पसरत नाही, टायफस ज्वर पसरवणारी ऊ ही कपड्यांत राहणारी निराळी ऊ आहे, आणि म्हणूनच शाळेने मुलाला घरी बसवण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शनात उवांमुळे किंवा लिखांमुळे मुलाची शाळा बुडवू नये असे स्पष्टपणे म्हटले आहे. वर्गासमोर एखाद्या मुलीचे डोके तपासून तिला वेगळे बसवणे हे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध ठरवलेल्या मानसिक छळाच्या जवळ जाते. शिक्षिकेने पालकांना खाजगीत निरोप द्यावा, एवढेच तिचे काम आहे.

सर्वात अवघड आणि सर्वात उपयोगी पाऊल मात्र पालकांच्याच हातात आहे, आणि ते म्हणजे पहिल्या दिवशीच इतरांना सांगणे. ज्या मुलांबरोबर आपले मूल खेळते, झोपते, व्हॅनमध्ये बसते, त्यांची डोकी त्याच आठवड्यात पाहिली गेली नाहीत तर सतरा दिवसांचे श्रम अठराव्या दिवशी धुळीस मिळू शकतात. सोसायटीच्या किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी पुरतात : "आमच्या मुलीच्या डोक्यात उवा आढळल्या असून आजपासून उपचार सुरू केले आहेत. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर खेळलेल्या मुलांची डोकी कृपया ओल्या केसांत फणीने तपासावीत." ज्यांच्याकडे हा गट नाही, म्हणजे घरकामाला येणाऱ्या बाई, पाळणाघरातील ताई, व्हॅनचे चालक, त्यांना तोच निरोप त्याच सौजन्याने तोंडी द्यावा आणि गरज असेल तर फणी व औषधाचा खर्चही उचलावा. ज्या पालकांना असा निरोप येईल त्यांनी नाव विचारत न बसता त्याच संध्याकाळी आपल्या मुलांचे डोके पाहावे.